कचेरीतून रंगभूमीकडे : अण्णासाहेब किर्लोस्कर



दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले, त्याची ही आठवण. त्याच १८४३ साली, ३१ मार्च रोजी, आपल्या बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूर या गावी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणून ओळखू लागला. संगीत नाटक म्हटले की पहिले नाव त्यांचेच येते.

अण्णासाहेबांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते. शालेय स्पर्धांत ‘संगीत सौभद्र कोणी लिहिले?’ हा प्रश्न हमखास येतो आणि मुले उत्तरही बरोबर देतात. पण हे नाटक लिहिणारा माणूस त्याआधी काय करत होता, हे फारसे कोणी विचारत नाही. तो शाळेत शिकवत होता, पोलीस खात्यात होता, कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करत होता. तरुणपणी नाटकाच्या मागे लागून त्याचे शिक्षण अर्धवट राहिले होते. नंतर पोटासाठी नोकरी धरली आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो पुन्हा नाटकाकडे वळला. या अंकात आम्ही त्यांच्या आयुष्याचा हा भाग सांगणार आहोत, कारण मुलांइतकाच तो पालकांच्याही कामाचा आहे.

गुर्लहोसूर हे कानडी मुलखातले गाव. घरात मराठी आणि अंगणाबाहेर पडले की कानडी, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरचे चित्र त्या घरातही होते. लहान बळवंत दोन्ही भाषा शिकला. कानडी मुलखातील खेळ आणि गाणी, मराठी कीर्तने, आर्या, साक्या, दिंड्या हे सगळे त्याच्या कानावरून गेले. पुढे मराठी नाटकांची पदे रचताना कानडी चाली त्यांच्या लेखणीखाली सहज आल्या, त्या या शिदोरीतून. सीमेवरच्या गावात वाढल्याने दोन्हीकडचे काही धड येत नाही, असे कधी कधी आपल्या मुलांना ऐकवले जाते. अण्णासाहेबांच्या बाबतीत मात्र दोन भाषांमध्ये वाढणे हेच मोठे भांडवल ठरले. याच गुर्लहोसुरात १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. लोखंडी नांगर करून त्यांनी उद्योगात नाव काढले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतोच. एका लहान गावाने नाटक आणि कारखाना या दोन्ही क्षेत्रांना माणसे दिली.

बळवंताचे सुरुवातीचे शिक्षण घरी झाले. नंतर तो कोल्हापूरला आणि पुढे इंग्रजी शिक्षणासाठी पुण्याला गेला. मोठे शहर, घरापासून दूर, वय विशीचे. त्या काळी पुण्यात गावोगावच्या नाटक मंडळ्या मुक्कामाला येत. बळवंताला कविता करण्याची हौस होती आणि पदे झटपट जमत. नाटकवाल्यांना नवी पदे हवीच असत. हा तरुण त्यांना पदे रचून देऊ लागला. एवढ्यावर भागेना, म्हणून १८६६ साली त्याने ‘भारतशास्त्रोत्तेजक मंडळी’ या नावाने आपली एक नाटक मंडळीही काढली. ती फार दिवस टिकली नाही. या सगळ्यात अभ्यास मागे पडला तो पडलाच. ज्या शिक्षणासाठी घरच्यांनी पुण्याला धाडले, ते पुरे झाले नाही.

त्या काळी नाटकाकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे मुलांनी समजून घ्यायला हवे. नाटक बघायला लोक जात, पण आपल्या घरातला मुलगा नाटकात गेला असे सांगायची लाज वाटे. शिकायला पाठवलेल्या मुलाने नाटकवाल्यांत बसावे, ही कुटुंबाला चिंतेचीच बाब होती. तेव्हा बळवंतरावांनी जे केले ते त्या काळचा कोणताही समजूतदार माणूस करता. नाटक बाजूला ठेवले आणि नोकरी धरली.

नोकरी त्यांना आणून बसवते ती आपल्याच गावात. बेळगावात ते शिक्षक झाले. पुढे पोलीस खात्यात गेले आणि त्यानंतर पुण्यातील रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत. या काळात लेखणी अगदी बंद पडली होती असे नाही. १८७३ साली त्यांचे ‘शांकरदिग्विजय’ हे गद्य नाटक आले. अल्लाउद्दिनाच्या चितोडवरील स्वारीवर एक नाटकही त्यांनी हाती घेतले होते, ते अपुरेच राहिले. पण या लेखनाने रंगभूमीवर त्यांचे नाव झाले नाही. लोकांच्या लेखी ते एक सरकारी नोकर होते, ज्याला तरुणपणी नाटकाचा नाद होता.

बेळगावातील शिक्षकीला आम्ही थोडी अधिक जागा देतो, कारण तिथे एक महत्त्वाची गाठ पडली. त्यांच्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल नावाचा एक मुलगा होता. १८५५ साली जन्मलेला हा मुलगा पुढे किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत नटांना तालीम देऊ लागला आणि स्वतः मोठा नाटककार झाला. म्हाताऱ्या नवऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीची कथा सांगणारे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली याच देवलांनी रंगभूमीवर आणले. ज्या वर्षांत अण्णासाहेब स्वतः नाटकापासून दूर गेले असे दिसते, त्याच वर्षांत ते पुढच्या पिढीचा नाटककार वर्गात शिकवत होते. ही वर्षे फुकट गेली असे म्हणायला म्हणूनच आमची जीभ रेटत नाही.

आता १८८० सालापर्यंतचे मराठी नाटक कसे असे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकांत सूत्रधार रंगमंचावर एका बाजूला साथीदारांसह उभा राही. सगळी पदे तोच म्हणे. त्याने पद म्हटले की देव, दानव, राजा, राणी अशी पात्रे तो प्रसंग करून दाखवत आणि आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. संवाद लिहिलेले नसत. गाणारा एक आणि नाचणारे-बोलणारे दुसरे, असा हा प्रकार होता. दुसरीकडे इंग्रजी आणि संस्कृत नाटकांच्या भाषांतरांवरून पूर्ण लिहिलेली गद्य नाटकेही होऊ लागली होती. त्यांना ‘बुकिश’ नाटके म्हणत. त्यांत बोलणे नेटके असे, पण गाणे नसे.

१८८० साली पुण्यात एका पारशी नाटक मंडळीने ‘इंद्रसभा’ हे नाटक केले. लखनौच्या अमानत यांचे हे उर्दू नाटक गाण्यांनी भरलेले होते आणि पात्रे स्वतःच गात होती. अण्णासाहेबांनी ते पाहिले आणि असे नाटक मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी थोडे आधीच पात्रांच्या तोंडी पदे घालून पाहिली होती, त्यामुळे हा प्रयोग अगदी एकट्याचा नव्हता. पण ज्याने सारे मराठी प्रेक्षक भारून गेले, ते नाटक अण्णासाहेबांच्या हातून व्हायचे होते.

त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ घेतले. त्याची मराठी भाषांतरे आधीही झाली होती. अण्णासाहेबांनी मात्र वाचायचे पुस्तक न करता रंगभूमीवर उभे राहील असे नाटक केले. संवाद लिहिले, आणि जिथे मन भरून येते तिथे त्याच पात्राच्या तोंडी पद घातले. साकी, दिंडी, कामदा, ओवी अशा घरोघरी ओळखीच्या चाली घेतल्या, रागदारी घेतली, कानडी चालीही घेतल्या. नाटकात दोनशेच्या आसपास पदे झाली. विशीत नाटकवाल्यांना पदे रचून देण्याचा जो नाद अभ्यासाच्या मुळावर आला होता, तोच सराव आता उपयोगी पडला.

येथे एक गोष्ट मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा नाटक पुरे झालेलेच नव्हते. सात अंकांपैकी पहिले चारच अंक त्या दिवशी झाले. सगळे नाटक १८८१ साली रंगभूमीवर आले. संपूर्ण काम मनासारखे होईपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर कदाचित ते कचेरीच्या टेबलाच्या खणातच राहिले असते. जेवढे तयार झाले तेवढे त्यांनी लोकांसमोर ठेवले, आणि लोकांनी उचलून धरल्यावर पुढचे अंक पुरे केले.

माणसेही त्यांना चांगली मिळाली. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले. बाळकोबा नाटेकर यांच्यासारखा कसलेला गायक मंडळीत होता. शंकरराव मुजुमदार या तरुणाने शकुंतलेचे काम केले. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करत. याच मुजुमदारांनी पुढे अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार म्हणून उभे राहिले. सूत्रधार होताच, पण आता तो सुरुवात करून देऊन बाजूला होई आणि पात्रे आपले गाणे आपणच गात. अशा रीतीने किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली आणि अण्णासाहेबांचे उरलेले आयुष्य तिच्यातच गेले. सुशिक्षित घरांतील माणसे उघडपणे नाटकाला येऊ लागली. जो नाद लपवायचा असे, त्याला मान मिळू लागला.

दुसरे नाटक ‘संगीत सौभद्र’. त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी झाले आणि पूर्ण नाटक मार्च १८८३ मध्ये आले. म्हणजे पुन्हा तीच रीत, तयार झाले तेवढे आधी. पण या वेळी हाताशी कालिदास नव्हता. अर्जुन आणि सुभद्रा यांच्या लग्नाची महाभारतातील लहानशी कथा घेऊन अण्णासाहेबांनी नाटक आपल्या बुद्धीने रचले. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे आणि कृष्ण हसत हसत सगळी सूत्रे हलवतो आहे. नावे देवादिकांची असली, तरी रुसवे-फुगवे, थोरल्या भावाचा हट्ट, वहिनीची मध्यस्थी हे सारे आपल्या वाड्यातले वाटते. माणसांच्या स्वभावाची ही जाण विशीतल्या तरुणाला आली असती का, असा प्रश्न आम्हाला पडतो. वर्गात आणि कचेरीत काढलेल्या वर्षांत त्यांनी किती तऱ्हेची माणसे पाहिली असतील! आमच्या मते त्या माणसांनी ‘सौभद्र’ला मोठा हातभार लावला.

याच वर्षी, १८८२ मध्ये, मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले. ते बडोद्याचे. आवाज आणि रूप दोन्हींची देणगी असलेल्या या तरुणाने शकुंतला आणि सुभद्रा अशा काही साकारल्या की लोक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणू लागले. गुर्लहोसूरचा नाटककार, पुण्याची रंगभूमी आणि बडोद्याचा नट, असा हा योग होता. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांनी मराठीला काय दिले, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही.

तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’. रामाच्या राज्याभिषेकाऐवजी वनवास कसा ओढवला, ही त्याची कथा. १८८४ साली त्याचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. आता उरलेले अंक येणार, असे प्रेक्षकांना वाटले असेल. ते आलेच नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच अण्णासाहेब वारले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगाला पाच वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

पुन्हा नाटकाकडे वळल्यानंतर त्यांना मिळाली ती एवढीच पाच वर्षे. त्यांत दोन नाटके पुरी झाली आणि एक अपुरे राहिले. पण किर्लोस्कर मंडळी त्यांच्यामागे अनेक वर्षे चालली. देवलांची नाटके तिने केली. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, या मंडळीत आले. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांनीही सुरुवातीची काही वर्षे याच मंडळीत काढली आणि १९१८ साली स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली. ‘सौभद्र’ तर आजही नव्याने बसवले जाते. गावोगावच्या हौशी मंडळांत, गणेशोत्सवात, गाण्याच्या क्लासमध्ये त्यातली पदे शिकवली जातात.

आता हे सगळे शाळेच्या पत्रिकेत कशासाठी, ते सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, अण्णासाहेबांचे शिक्षण नाटकापायी अपुरे राहिले, हे वाचून तुम्ही अभ्यास सोडून द्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनाही पुढे नोकरी धरावीच लागली. पण हेही पाहा की, विशीत केलेली पदे वाया गेली नाहीत. आज तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर जे काही लिहिलेले असते, ते फाडून टाकू नका. परीक्षेच्या दिवसांत वही कपाटात ठेवा, पण ठेवा.

पालकहो, आपल्यापैकी कितीतरी जण कॉलेजात असताना कविता करत होते, एकांकिका लिहीत होते, भित्तिपत्रकात लेख देत होते. मग बँक, दुकान, फॅक्टरी, शेती, घरसंसार सुरू झाला आणि ते मागे राहिले. पालकसभेत कधी विषय निघाला, तर हसून सांगितले जाते की ते दिवस गेले. अण्णासाहेबांचे चरित्र वाचताना हे उत्तर पुरेसे वाटत नाही. त्या काळी सदतीस हे काही तरुण वय नव्हते आणि कचेरीची नोकरी म्हणजे आयुष्याचा मार्ग ठरला असेच मानत. तरीही त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मधल्या वर्षांत पाहिलेली माणसे, शिकवलेली मुले, ऐकलेली गाणी हे सारे घेऊन ते परतले. विशीत लिहिले असते त्याहून वेगळे आणि भक्कम असे काही त्यांच्या हातून झाले.

मात्र एक गोष्ट आम्हाला लपवता येत नाही. ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले. उशिरा परतणाऱ्याला वेळ बेताचा असतो, आणि तो किती आहे हे आधी कळत नाही. मुले मोठी होऊ देत, नोकरीतून निवृत्त होऊ देत, मग निवांत लिहू, असे म्हणणाऱ्यांनी या तीन अंकांकडे एकदा पाहावे. अण्णासाहेब निवांतपणाची वाट पाहत बसले नाहीत म्हणूनच ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ आपल्याला मिळाली.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. स्नेहसंमेलनात आपण मुलांची नाच-गाणी बसवतो, ते चांगलेच आहे. एखाद्या वर्षी ‘सौभद्र’मधला एखादा प्रवेश मुलांकडून बसवून घेता येईल. पदे शिकवायला गावात जाणती माणसे आहेत, ती नक्की मदत करतील. आणि या पत्रिकेत एक पान पालकांच्या लेखनासाठी राखून ठेवता आले, तर आम्हाला फार आनंद होईल. कविता अर्धी असली तरी चालेल, गोष्टीचा एकच भाग झालेला असला तरी चालेल. जेवढे तयार असेल तेवढे द्या. उरलेले पुढच्या अंकात छापू.